आभाळातून कोणी पडत नाही

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाल्यावर मुलांनी काहीही विचारावे, कोणी रागावणार नाही, असा तिथला नियम आहे. मध्यंतरी दहावीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "वकीलकाका, गेम संपत आला होता. खलनायकाला मी हरवलं पण होतं. तेवढ्यात एकदम दुसराच कोणीतरी समोर आला. आख्ख्या गेममध्ये त्याचं नावसुद्धा नव्हतं. मग हा आला कुठून?"

बाकीची मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभे राहून हाच प्रश्न आम्ही गेली वीस वर्षे विचारत आलो आहोत. तपासात ज्याचे नाव नाही, पंचनाम्यात ज्याचा उल्लेख नाही, असा माणूस ऐन वेळी उभा राहतो आणि खटल्याची दिशाच बदलून टाकतो. तेव्हा वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो : हा आला कुठून?

कार्टून आणि व्हिडिओ गेम हा काय चळवळीच्या वृत्तपत्राचा विषय झाला, असे काही समाजबांधवांना वाटेल. त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे, की आपल्या आजोबांच्या पिढीचे मन पोथी आणि कीर्तनाने घडवले गेले, आपल्या पिढीचे सिनेमाने घडवले आणि आपल्या मुलांचे मन मोबाइलचा पडदा घडवतो आहे. पोथीची चिकित्सा करणाऱ्या चळवळीने पडद्याकडे डोळेझाक केली, तर ती अर्धीच चिकित्सा होईल.

मुलगा ज्या खेळाबद्दल बोलत होता, तो 'फायनल फॅन्टसी नाइन'. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो २००० साली प्लेस्टेशनसाठी काढला आणि आता तो मोबाइलवरही मिळतो. खेळ दीर्घ आहे, पूर्ण करायला कित्येक दिवस जातात. त्यात राणी ब्राहने शेजारच्या राज्यांवर युद्ध लादते. तिला शस्त्रे पुरवणारा कुजा नावाचा व्यापारी वेगळाच डाव खेळत असतो. त्या कुजाला ज्याने मुद्दाम घडवले, तो गार्लंड त्याच्याही मागे असतो. मरणपंथाला लागलेल्या एका जगाने दुसरे जिवंत जग गिळून स्वतः जगायचे, अशी ती योजना आहे. म्हणजे खेळात होणाऱ्या प्रत्येक हिंसेला कर्ता आहे आणि त्या कर्त्याचा हितसंबंध आहे. साम्राज्यवादाचा धडा मुलांना इतक्या सोप्या रीतीने शिकवणारे पाठ्यपुस्तक आम्ही पाहिलेले नाही.

पण शेवटी काय होते? आपणही मर्त्य आहोत हे कळल्यावर कुजा साऱ्या सृष्टीच्या मुळावर उठतो. नायक झिदान आणि त्याचे साथीदार त्याला हरवतात. आणि त्या क्षणी नेक्रॉन नावाची एक महाशक्ती प्रकट होते. जिवांना मृत्यूची भीती वाटते, म्हणून सगळे शून्यात विलीन केले पाहिजे, असे तिचे म्हणणे. तिला हरवले की खेळ संपतो. कुजा मात्र शेवटी नायकांचे प्राण वाचवतो आणि झिदान त्याला शोधायला मागे फिरतो. या खेळाचे चाहते म्हणतात की सबंध कथेचा विषयच मृत्यू आहे आणि नेक्रॉन हे मृत्यूभयाचेच रूप आहे. त्यात तथ्य आहे. तरीही शेवटचा घाव ज्याच्यावर पडतो, त्याने एकही गाव जाळलेले नसते. ज्यांनी गावे जाळली, त्यांचा हिशेब पुरता होण्याआधीच डोळे दुसरीकडे वळवले जातात.

'नारुतो' ही जपानी मालिका आज आपल्या वस्तीतल्या मुलांना तोंडपाठ आहे. मासाशी किशिमोतो यांनी ती १९९९ ते २०१४ या काळात चित्रकथेच्या रूपाने लिहिली आणि तिच्यावरून दूरदर्शन मालिका निघाली. तिच्यात उचिहा नावाचे एक कुळ आहे. गावावर एक मोठे संकट येते, संशय या कुळावर घेतला जातो आणि त्यांना गावाच्या एका कडेला नेऊन वसवले जाते. गावाच्या कडेची वस्ती म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अपमान साचतो, बंडाची तयारी होते आणि गावचे कारभारी त्या कुळातल्याच एका तरुणाच्या हातून सारे कुळ कापून काढतात. जाहीर मात्र असे होते, की एका माथेफिरूने हे केले.

इतका धारदार प्रश्न उभा केल्यावर लेखकाला उत्तर देणे भाग होते. गावाने न्याय कसा द्यावा? कारभाऱ्यांना शिक्षा कोणी करावी? शेवटच्या महायुद्धात मदारा उचिहा हा मुख्य शत्रू म्हणून उभा राहतो आणि निर्णायक क्षणी त्याच्या जागी कागुया नावाची हजारो वर्षांपूर्वीची देवीसमान स्त्री प्रकटते. तिचे नाव कथेत अगदी शेवटच्या टप्प्यात आलेले असते. मग असे सांगितले जाते, की मदाराच्या मागेही तिचाच हस्तक होता आणि कित्येक शतकांपासून सारे काही तोच घडवत होता. झाले! गावाच्या कडेला वस्ती कोणी हलवली हा प्रश्न मागे पडला आणि सगळे मिळून देवीशी लढू लागले.

पडद्यावरची ही युक्ती आम्हाला ओळखीची वाटते. गावात झेंड्यावरून, मिरवणुकीवरून किंवा विहिरीवरून वाद होतो. वस्तीवर दगड पडतात. दुसऱ्या दिवशी कागदावर काय येते? 'अज्ञात जमाव.' 'बाहेरून आलेले समाजकंटक.' ज्यांच्या शेताला शेत लागून आहे, ज्यांची नावे वस्तीतली म्हातारी बाई अंधारात आवाजावरून सांगते, ते एकाएकी अज्ञात होतात. आणि कोणी कधी न पाहिलेला 'बाहेरचा' माणूस मुख्य आरोपीच्या जागी येऊन बसतो. शेवटी तो सापडत नाही, कारण तो नव्हताच.

कायद्याने यावर उपाय सांगितला आहे. परिस्थितीजन्य पुराव्यावर कोणाला दोषी धरायचे असेल, तर घटनांची साखळी कडीला कडी जोडून पूर्ण असली पाहिजे. शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशा पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली आणि त्या पाच तत्त्वांना 'पंचशील' हाच शब्द वापरला. आम्हा बौद्ध वकिलांना याचा विशेष आनंद वाटतो. कोणतीही कडी आभाळातून लोंबकळत असता कामा नये, हाच त्या निकालाचा आशय.

खलनायक अचानक आणता येतो, तसा तारणहारही आणता येतो. प्राचीन ग्रीक नाटकात देवाला यारीने रंगमंचावर उतरवत असत आणि तो येऊन नायकाची गाठ सोडवत असे. युरिपिडिसच्या इसवी सनपूर्व ४३१ मधल्या 'मीडिया' नाटकात नायिका सूर्याच्या रथात बसून निसटते. ॲरिस्टॉटलने याच नाटकाचे नाव घेऊन सांगितले, की कथेचा उलगडा कथेतूनच झाला पाहिजे, यंत्रातून नव्हे. आपल्याकडे ही यारी अजून कामावर आहे. २००५ साली 'हनुमान' हा ॲनिमेशनपट आला आणि चांगला चालला. त्यामागोमाग २००७ साली 'रिटर्न ऑफ हनुमान' आला. त्यात शाळेत दांडगट मुलांचा मार खाणारा एक मुलगा आहे आणि त्याच्या मदतीसाठी हनुमान पृथ्वीवर बालकाचा जन्म घेऊन येतो.

श्रद्धा ज्याची त्याला. पण वर्गात मार खाणाऱ्या मुलाला हा सिनेमा काय शिकवतो, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. तो मुलगा मित्र जमवत नाही. बाईंकडे तक्रार नेत नाही. त्याचे पालक शाळेत जाऊन जाब विचारत नाहीत. म्हणजे त्याने वाट पाहायची. आपल्या समाजाने ही वाट किती पिढ्या पाहिली, याचा हिशेब कोणी ठेवला आहे का? कोणी अवतार आला नाही. जो आला तो महूच्या छावणीत एका सुभेदाराच्या घरी जन्मला, शाळेत गोणपाटावर बसला, कर्ज आणि शिष्यवृत्ती काढून शिकला. बाबासाहेबांच्या आयुष्यातली प्रत्येक पायरी आपल्याला दाखवता येते. म्हणूनच त्यांना अवतार म्हणणारा माणूस त्यांचे श्रम पुसून टाकत असतो, मग तो भक्तीने म्हणत असला तरी.

आणि 'हा आला कुठून' हा प्रश्न खुद्द बाबासाहेबांनी केवढ्या धैर्याने विचारला, ते पाहा. परंपरेने सांगितले, की सिद्धार्थ रथातून निघाला आणि त्याला एकाएकी एक म्हातारा, एक रोगी आणि एक प्रेत दिसले, शेवटी एक संन्यासी दिसला आणि त्याने गृहत्याग केला. काही कथांत तर देवांनीच ही रूपे घेतली, असे म्हटले आहे. सगळे बौद्ध जग ही कथा मानत आले आहे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच तिला आव्हान दिले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. ही रोजची दृश्ये त्याला त्याच दिवशी प्रथम कशी दिसली?

अचानक प्रकटलेली ती पात्रे त्यांनी बाजूला काढली आणि त्या जागी कारण ठेवले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत त्याच्या विरोधात जाते आणि संघाच्या शिक्षेतून देशत्यागाचा मार्ग निघतो. पाण्याचा तंटा, सभेतला ठराव, अल्पमतात राहिलेला एक प्रामाणिक सभासद! चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेल्या माणसालाच हे कारण इतके स्वच्छ दिसले, असे आम्ही मानतो. कारणाशिवाय काही उत्पन्न होत नाही, हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद त्यांनी तथागतांच्या चरित्रालाही लावून दाखवला.

आम्ही वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका मुलीने शंका काढली. तिच्या मामेभावाने तिला सांगितले होते, की जुन्या 'पोकेमॉन' गेममध्ये खरोखरच कुठूनही न आलेला एक प्राणी आहे. शंका रास्त होती, म्हणून आम्ही तिचा छडा लावला. 'पोकेमॉन'चे पहिले खेळ जपानमध्ये १९९६ साली आले आणि 'रेड' व 'ब्ल्यू' या नावांनी १९९८ साली अमेरिकेत गेले. त्यात १५१ प्राणी आहेत. पण एका बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत पाण्यात फिरत राहिले, की तुटक्या ठिपक्यांची एक विचित्र आकृती समोर येते. तिचे नाव 'मिसिंगनो', म्हणजे गहाळ क्रमांक. जगभरच्या मुलांनी तिच्या भुताटकीच्या गोष्टी रचल्या.

प्रत्यक्षात काय घडते? गेमच्या यादीत १९० जागा आहेत आणि प्राणी १५१. उरलेल्या ३९ जागा रिकाम्या. सुरुवातीच्या एका गावात एक म्हातारा प्राणी पकडून दाखवतो. तेवढ्या वेळापुरते खेळाडूचे नाव बाजूला ठेवावे लागते आणि गेम ते नेमके जंगली प्राण्यांच्या यादीच्या जागेत ठेवतो. एरवी पुढच्या प्रदेशात गेल्यावर नवी यादी येऊन ते पुसले जाते. पण थेट उडत त्या बेटावर गेले, तर किनाऱ्याच्या त्या पट्टीला स्वतःची यादीच नसते. मग गेम खेळाडूच्या नावातली अक्षरे क्रमांक समजून वाचतो. अक्षराचा क्रमांक रिकाम्या जागेवर पडला, की 'मिसिंगनो' उभा राहतो. म्हणजे ते भूत खेळणाऱ्याच्या स्वतःच्या नावातून निघालेले असते! हे ऐकून मुले थक्क झाली. भुताची कथा ऐकल्यावर ती जेवढी रमली असती, त्याहून कारण ऐकताना जास्त रमली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग अचानक येणारे प्रत्येक पात्र ही लबाडीच समजायची का? तसे नाही. या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि आपल्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे.

४ एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी, १५ एप्रिलला, कॅलिफोर्नियातल्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिले. शुल्झ हे 'पीनट्स' या जगप्रसिद्ध चित्रमालिकेचे जनक. चार्ली ब्राऊन आणि त्याचा कुत्रा स्नूपी ही त्यांचीच निर्मिती. तुमच्या गोऱ्या मुलांच्या घोळक्यात एक काळे मूल असावे, अशी त्या बाईंची विनंती होती. शुल्झ यांनी उत्तर पाठवले, की इच्छा आहे, पण आम्ही उपकार करतो आहोत असे काळ्या लोकांना वाटेल, ही भीती आहे. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या काळ्या मित्रांना लिहायला लावले. केनेथ केली या दोन मुलांच्या बापाने कळवले, की तो आरोप झाला तरी किंमत फार नाही, आमची मुले त्या घोळक्यात सहज वावरताना दिसू द्या. आणि ३१ जुलै १९६८ रोजी समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू घेऊन एक काळा मुलगा आला. त्याचे नाव फ्रँकलिन.

वाचकांना तो वाळूतून उगवल्यासारखा वाटला. त्याच्यामागची चार महिन्यांची पत्रे वर्तमानपत्रात छापलेली नव्हती. काळे आणि गोरे मूल एका वर्गात बसलेले दाखवू नका, असे दक्षिणेकडच्या एका संपादकाने कळवलेही. शुल्झ यांनी दाद दिली नाही. अर्थात एवढ्याने सगळे झाले नाही. १९७३ साली चार्ली ब्राऊनच्या सणाच्या जेवणावर ॲनिमेशनपट आला. त्यात टेबलाच्या एका बाजूला सगळी मुले आणि समोरच्या बाजूला एकटा फ्रँकलिन, तोही मोडकळीला आलेल्या घडीच्या खुर्चीवर. करणाऱ्यांच्या मनात काही असेल किंवा नसेल. पण वेगळ्या पंगतीत जेवलेल्या समाजाला ते चित्र कुठे टोचते, हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आडनाव मिळायलाही त्याला १९९४ साल उजाडावे लागले. रॉब आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय चित्रकाराचे आडनाव शुल्झ यांनी त्याची परवानगी घेऊन फ्रँकलिनला दिले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत फ्रँकलिनवर स्वतंत्र ॲनिमेशनपट आला. त्याच्या लेखकांमध्ये हेच आर्मस्ट्राँग आहेत. वडील सैन्यात, म्हणून सतत गावे बदलणारा, मैत्री कशी करावी हे ठाऊक नसलेला मुलगा, अशी फ्रँकलिनची पूर्वकथा त्यात प्रथमच सविस्तर आली. त्यात मुले त्याला टेबलाच्या आपल्या बाजूला येऊन बसायला सांगतात. किनाऱ्यावर आलेल्या पोराला घर आणि बाजूची खुर्ची मिळायला ५६ वर्षे लागली.

अमेरिकेतल्या काळ्यांचे आणि आपले नाते नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. तेव्हा शहाण्यासुरत्या मंडळींना वाटले, की हे कोण एकाएकी उपटले? दलित साहित्य आले, तेव्हाही हेच. पण १९२७ चे महाड, १९५० साली औरंगाबादेत उघडलेले महाविद्यालय, १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी, १९५८ चे मुंबईतले पहिले दलित साहित्य संमेलन, ही साखळी ज्यांनी पाहिलीच नव्हती, त्यांना ते तरुण आभाळातून पडल्यासारखे दिसणारच. गावकुसाकडे पाठ करून बसलेल्याला गावकुसातून आलेला प्रत्येक माणूस अचानकच येतो.

म्हणून आम्ही मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. पडद्यावर कोणी सत्ताधारी एकाएकी नव्या शत्रूकडे बोट दाखवू लागला, तर आधी त्याचे स्वतःचे हात पाहा. आणि घोळक्यात एखादे पात्र नाव-गाव-घराशिवाय आलेले दिसले, तर त्याची पूर्वकथा शोधा. ती मिळाली नाही तर लिहा.

पुढच्या रविवारी गृहपाठ म्हणून प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांची कथा लिहून आणायची होती. गाव कोणते, काम काय होते, दीक्षा कधी घेतली, शहरात पहिली रात्र कुठे काढली. गेमचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने चार पाने आणली. आजोबा शहरात आले तेव्हा त्यांच्याजवळ कोणाची चिठ्ठी होती, हे त्याला प्रथमच कळले होते. तो म्हणाला, "काका, मला वाटायचं आमचं घर पहिल्यापासून इथंच होतं."

समाजबांधवांनो, आपल्या घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर ही पाने भरून घ्या. आपली कथा आपण लिहिली नाही, तर उद्या दुसऱ्याच्या कथेत आपली नातवंडे पुन्हा कुठूनतरी उगवतील आणि त्यांच्या वाट्याला पुन्हा तीच घडीची खुर्ची येईल. जयभीम!